लाटेचं खातं

चांपा मागे टाकून उमरेडकडे जाताना
डाव्या हाताला मुरमाची एक वाट उतरते.
टोकाला तलाव, काठावर माझे सात तंबू
आणि पत्र्याचा बोर्ड: ‘इको कॅम्प’,
हिरव्या ऑइलपेंटमध्ये.
इको म्हणजे काय, ते पेंटरनं विचारलं नाही.
मीही नाही.

महालातलं फिटिंगचं दुकान विकून आलेला पैसा
मी पहिल्यांदा मोटारबोटीत घातला.
शनिवारी संध्याकाळी ती तलाव उभा चिरायची,
मागच्या बाकावरची पोरं किंचाळायची,
धरमपेठेतले साहेब मोबाइल उंच धरायचे,
आणि जनरेटरच्या धडधडीत मला
गल्ल्याचा खुळखुळाट तेवढा ऐकू यायचा.

भादव्यात एकदा शेवंताबाई मारबते
पलीकडच्या काठावरून जाळं तसंच टाकून आल्या.
ओंजळीत शेवाळ, कुजके देठ, पाणी गळणारा एक पुंजका.
“टिबुकलीचं घर होतं. पान्यावर तरंगते ते.
अंडे गेले खाली.”
मी म्हटलं, बोट तर मधून जाते, काठाला लागतही नाही.
त्या पदराला हात पुसत राहिल्या.
“बोट तुमची हाय, भाऊ. मंग लाट कोनाची?”

रात्री हिशेबाची वही उघडली.
पेट्रोल होतं, कोंबडी होती, बर्फ होता,
कुणाकुणाची दिवाळीही होती.
लाट कुठेच नव्हती.

मोटार विकायला चार महिने लागले.
घेणारा गोंदियाकडचा.
कुठल्या तलावावर नेतो, ते मी विचारलं नाही.
हेही लिहून ठेवतो.

मग वल्ह्याच्या दोन होड्या. बाटल्यांऐवजी रांजण.
मंसाराम कुमरेच्या घरून पळसाच्या पत्रावळी,
त्याच्या बायकोनं शेकड्यामागे वीस जास्त मागितले
आणि मी घासाघीस करता करता थांबलो.
डीजे नाही म्हटल्यावर हळदीची एक पार्टी गेली:
पंच्याऐंशी हजार.
मंदाकिनी म्हणाली, पुण्य बँकेत भरता येते का,
एवढं विचारून या.
मे महिन्यात सेहेचाळीस अंशाला कॅम्पच बंद,
तंबूत एसी मागणाऱ्यांना मी आता
खरंच हात जोडतो.

जनरेटर थांबला त्या पहिल्या रात्री
मनीषनगरची एक मुलगी, असेल आठेक वर्षांची,
अंधारात उठून बसली.
“काका, कोण ठोकतंय?”
चक् चक् चक्, लाकडावर हातोडी मारावी तसं.
सहा वर्षं मी त्याच जमिनीवर झोपत होतो.
मला ठाऊक नव्हतं.
मंसारामनं विडी विझवून, थोटूक खिशात ठेवून सांगितलं:
“रातवा हाय तो. रोजच बोलते.”

गाड्या अजून येतात, डिझेलच्या, चाळीस किलोमीटर,
धूळ उडवत.
ते माझ्यानं पुसलं जात नाही.
शोषखड्डा पहिल्या पावसाळ्यात भरून वर आला,
दुर्गंधीत दोन दिवस फावडं मारलं,
पाहुण्यांना म्हटलं, शेत नांगरलंय.

‘इको’ खोडायला तोच पेंटर आला.
“इथं आता काय लिहू?”
काहीच सुचलं नाही.
त्या जागेचा हिरवा बाकीच्या हिरव्याशी जुळत नाही,
दुरूनच कळतं, इथे काहीतरी होतं.

टिबुकली परत आली का, लोक विचारतात.
एक दिसली, लव्हाळ्यापाशी. बुडाली, भलतीकडेच वर आली.
तीच होती का, ते टिबुकली जाणे.
शेवंताबाई मात्र आता होडीवाल्या पोराला
कुठून वळायचं ते काठावरून ओरडून सांगतात,
आणि त्याचे पैसे घेत नाहीत, मासे विकत घ्यायला लावतात.

वहीत मी एक रकाना वाढवला आहे. लाट.
त्यात कधी लिहितो: शिट्टी, दोनदा. कधी: टॉर्च झाडात.
एकदा नुसतं: मी ओरडलो.
काही दिवस रकाना कोरा राहतो.
त्या दिवशी मी तलावाकडे
पाहिलेलंच नसतं.